बाहेरचा खोकला

रेणुकाच्या पत्राला मी उत्तरच दिलं नव्हतं. ती माझी जुनी विद्यार्थिनी, आता नांदेडला नोकरीला. आई भामाबाई लातूरच्या एका डाळमिलमध्ये चाळणीवर. ‘सर, मिलमध्ये कामगारांसाठी आरोग्य शिबिर सुरू आहे. श्वासगुरूंनी आईचा दम्याचा पंप बंद करायला लावलाय. सगळ्यांचा खोकला गेला म्हणतात. खरं असेल का? तुम्ही संख्याशास्त्र शिकवायचात.’

मी डॉक्टर नाही. काय लिहिणार? पण पुस्तक उघडलं की पानामागून कुणीतरी खोकतंय असं वाटायचं. शेवटी मिलमध्ये गेलो.

पटांगणात सकाळची पाळी रांगेत उभी होती. श्वासगुरू माइकवर गरजत होते, “फुफ्फुस म्हणजे मंदिर! पंप म्हणजे मंदिराला कुलूप! पहिल्या दिवशी इथं खोकल्यानं कान किटले होते. आज खोकतंय कुणी?”

“न्हाई!”

“हा चमत्कार नाही तर काय?”

टाळ्या. मालक खूश.

“आता डोळे मिटा. मौन.”

त्या शांततेत खोकला ऐकू आला. खोल, ओला, एकामागून एक. रांगेतलं कुणीच हललं नाही.

“लक्ष देऊ नका,” गुरू म्हणाले, “तो बाहेरचा आहे.”

मी बाहेर गेलो. फाटकाशेजारी पत्र्याला टेकून माणसं बसली होती. त्यांत भामाबाई.

“शिबिरात खोकलं की मुकादम दुसऱ्या दिवशी हाजरी देत न्हाई सर. श्रद्धा कच्ची म्हणतो.”

“आणि आतले?”

“गालात लवंग धरून उभे हायती. हाजरी झाली की चाळणीमागं जाऊन खोकत्यात.”

“मग तुम्ही इथं कशाला?”

“खोकला दाबायचं शिकायलेय. जमलं तर घेतील परत. पोरीला नगा कळवू.”

त्यांचे ओठ निळसर दिसत होते.

“पंप कुठाय?”

“पिशवीत. मुकादमानं बघितलं म्हंजे?”

“बघू द्या. आधी ओढा!” इतक्या मोठ्यानं मी वर्गातही बोललो नव्हतो. त्यांनी पदराआड पंप ओढला.

पत्र्यापलीकडे पुन्हा टाळ्या झाल्या. चाळण्या सुरू झाल्या, धूळ नेहमीसारखी उडाली.

तिथून सरळ पोस्टात गेलो. लिहिलं: ‘रेणुका, आईला कामावरून काढून घरी बसवलंय. पंप बंद करू देऊ नकोस. रजा टाकून ये, डॉक्टरांना दाखव. मिलमधला खोकला गेलेला नाही, खोकणाऱ्यांना घालवलंय. कुठल्याही उपायाचा गुण तपासताना सुरुवातीला होते त्या सगळ्यांना विचारावं. शेवटी रांगेत उरलेल्यांनाच विचारलं, तर कुठलाही उपाय चमत्कार ठरेल.’

भामाबाई मला माफ करणार नाहीत, असं वाटत होतं. तरी पाकीट खिडकीतून आत सरकवलं.