फलकावरचा शुभेच्छुक

सोमेशने शिडीवर तोल सावरत कटरचं पातं बाहेर सरकवलं आणि स्वतःच्याच हनुवटीखाली टेकवलं. फलकावर त्याचं तोंड परातीएवढं होतं आणि डोक्यावर ऐटदार फेटा होता. खरं तर आयुष्यात त्याने कधी फेटा बांधला नव्हता, लग्नातसुद्धा नाही. जोतिबाच्या घाटातला त्याचा सायकलवरचा फोटो ब्लॉगवरून उचलून कुणीतरी संगणकाकडून हेल्मेट उतरवून घेतलं होतं, फेटा चढवला होता आणि वर एक लाचार हसूही चिकटवलं होतं. उभी हयात संगणकाची चाकरी केल्याचं हे बक्षीस. त्याचं डोकं सणकलं होतं.

फलक इथले पुढारी विश्वजितदादा यांच्या वाढदिवसाचा होता. राजारामपुरीत असा फलक लागला की गल्लीतल्या झाडून सगळ्यांचे फोटो शुभेच्छुक म्हणून झळकतात. कुणाला विचारायची पद्धत नाही. उलट एखाद्याचा फोटो राहिला तर तो महिनाभर तोंड फुगवून बसतो. सोमेशनेही एरवी हसून सोडून दिलं असतं. बंगळूरची नोकरी सोडून आल्यापासून तो मनात येईल ते ब्लॉगवर लिहायचा. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर, सायकलच्या साखळीवर, नाक्यावरच्या राजकारणावर. वाचणारेही वाचून हसायचे आणि विसरायचे.

मैदानावर लिहायला लागला तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. पोरांच्या फुटबॉलच्या मैदानावर दुकानगाळे काढायचा दादांचा बेत होता. उद्या महापालिकेत त्यावरच्या हरकतींची सुनावणी होती आणि पहिली हरकत सोमेशची होती. आज सकाळी हा फलक लागला आणि फोन सुरू झाले. मिटलं का तुमचं दादांशी, असं जो तो विचारत होता. त्याच्या शब्दावर सह्या केलेले दोघे तर उद्या येत नाही म्हणाले.

त्याने पातं दाबलं. कापड चरचरत फाटलं. समोरच्या गाड्यावर चहा पिणारी माणसं कप हातात धरूनच रस्त्यावर आली.

तेवढ्यात बाळासोची मोटरसायकल येऊन थांबली. बाळासो तरुण मंडळाचा अध्यक्ष, सोमेशचा शाळेपासूनचा दोस्त. फलक त्याच्याच मंडळाने लावला होता.

"खाली उतर सोम्या. वाढदिवस हाय माणसाचा."

"असू दे की. मी शुभेच्छा दिलेल्या न्हाईत."

मग बाळासोने बरंच सुनावलं. मंडळाचा मांडव कोण घालतं, पोरांचे बूट कुणी आणले, गल्लीत राहायचं तर चार माणसांना धरून राहावं लागतं. सोमेश ऐकत होता आणि कापत होता. कानापर्यंत आल्यावर तो थांबला.

"ह्यो फोटो मंडळानं टाकला, का दादांनी मागून घेतला?"

बाळासोने मान फिरवली. गाड्यावरच्या एकाने मोबाईल वर धरून चित्रण सुरू केलं होतं. त्याच्याकडे बघत बाळासो हळूच म्हणाला, "मागून घेतला. मीच दिला. पोराला गाळा देतो म्हणाल्यात."

सोमेशला वाईट वाटलं. राग आला असता तर बरं झालं असतं. याच बाळासोबरोबर तो त्या मैदानावर अनवाणी खेळला होता. गोल कुणाचा यावरून दोघं हमरीतुमरीवर यायचे आणि संध्याकाळी एकाच सायकलवरून घरी जायचे.

"तुझ्या पोराला गाळा मिळू दे," तो म्हणाला. "पण माझं तोंड घालून न्हाय. उद्या मी बोलणार. एकटा असलो तरी बोलणार."

त्याने फेट्यावरून पातं ओढलं. तोंडाचा तुकडा सुटून खाली पडला आणि भोकातून मागचं विजेचं डबडं दिसू लागलं. त्या झटक्याने शिडी कलली. बाळासोने धावत येऊन ती धरली.

बाळासोच्या खिशातला फोन वाजू लागला. त्याने एका हाताने तो काढला, दादांचं नाव बघितलं. चित्रण दादांपर्यंत पोचलं होतं. फोन वाजत राहिला. बाळासोने तो तसाच खिशात टाकला आणि दोन्ही हातांनी शिडी धरली.

सोमेश उतरायला लागला.

"थांब," बाळासो खालून म्हणाला. "डावीकडं हात पोचतोय का बघ. माझा फोटो तिथं हाय."