चौथा दांडा

मी एक जुना झाडूचा दांडा आहे. झाडू केव्हाच झिजून गेला, मी तेवढा उरलो. हसू नका मित्रांनो! माझ्याही आयुष्यात एक मानाचा दिवस येऊन गेला आहे.

एका यहुदी सुताराने मला घडवलं. शाळेची बाकं करून झाल्यावर एक लांब लाकूड उरलं होतं. "फुकट कशाला घालवायचं?" म्हणत त्याने ते रंधा मारून गुळगुळीत केलं आणि शाळेच्या सफाईवाल्या मावशींना देऊन टाकलं. सुतार कामाला वाघ, पण तोंडाने फटकळ. कुठे काही तिरकं दिसलं की त्याचं डोकं फिरायचं.

बारा वर्षं मी मावशींच्या हातात राहून वर्ग झाडले. मुलांनी माझा घोडा केला, मास्तरांनी माझ्या टोकाने जळमटं काढली. कौतुक कोणी केलं नाही. पण वर्ग लख्ख दिसला की माझं मलाच बरं वाटायचं.

मग वाईट दिवस आले. यहुद्यांनी दोन तासांत घरं सोडावीत, असा हुकूम निघाला आणि साठ-सत्तर कुटुंबं आमच्या शाळेत आणून कोंडली गेली. जिथे पाढे चालायचे तिथे गाठोडी, अंथरुणं आणि रडणारी तान्ही मुलं आली. आमचा सुतार आणि त्याची एकुलती एक मुलगी दोघं तिसरीच्या वर्गात, फळ्याखाली राहायला आले. मुलीचं लग्न शेजारच्या तरुण घड्याळजीशी ठरलेलं होतं, बुधवारी. आणि सोमवारी दारावर यादी लागली. तरुणांनी गुरुवारी सकाळी सक्तीच्या मजुरीला निघायचं होतं. यादीत घड्याळजी होता.

"लग्न होणार नाही," सुतार म्हणाला. "पलंग मागे राहिला, कपाट मागे राहिलं. मी पोरीला देऊ काय? वारा?"

"बाबा, मला कपाटाशी लग्न करायचं नाहीये," मुलगी म्हणाली.

"आणि तो परत आलाच नाही तर? एका दिवसाची नवरी होऊन जन्मभर बसशील!"

तेव्हा प्रार्थनामंदिरातले म्हातारे गुरुजी, जे कोपऱ्यात पाय चोळत बसले होते, हळूच म्हणाले, "सुतारबुवा, आपल्या लोकांचा जुना नियम आठवतो का? रस्त्यात एकीकडून अंत्ययात्रा आली आणि दुसरीकडून नवरीची मिरवणूक, तर थांबायचं कोणी?"

"अंत्ययात्रेने," सुतार पुटपुटला.

"का?"

सुतार आपणच केलेल्या बाकाची कड अंगठ्याने तपासू लागला.

"मेलेल्याचा मान कमी म्हणून नाही. पण पुढे जायचं असतं ते नवरीला. आपल्या वाडवडिलांनी हे सुखात लोळताना नाही ठरवलं, बाबा. त्यांनीही घरं सोडली होती."

सुतार उठून बाहेर गेला. इकडे लग्नाची तयारी सुरू झाली.

मित्रांनो, यहुदी लग्नात नवरा-नवरी एका छताखाली उभे राहतात. चार काठ्या आणि वर एक कापड, बस्स! भिंत नाही, दार नाही. तेच त्यांचं पहिलं घर. कापड म्हणून गुरुजींनी आपली प्रार्थनेची शाल दिली. काठ्या मात्र जमेनात. गुरुजींची काठी, एक मिटलेली छत्री, नकाशा लटकवायची काठी, अशा तीनच झाल्या. मावशी यहुदी नव्हत्या, पण त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. त्यांनी माझा झाडू सोडवला, मला साबणाने घासलं आणि पदराने पुसलं. "आज कचरा राहू दे," त्या म्हणाल्या.

बुधवारी दुपारी शाळेच्या अंगणात छत उभं राहिलं. तीन कोपरे तिघांनी धरले. मला धरायला घड्याळजीचा चुलता आला, पण त्याच्या हाताला कंप होता. मी डुगडुगलो, शाल लोंबून नवरीच्या डोक्यावर आली. तेवढ्यात मागून आवाज आला.

"अरे, धरताय की ढवळताय? तिरकं झालंय सगळं! सरका!"

सुतार होता. त्याने मला हातात घेतलं, डोळा बारीक करून नीट उभं केलं आणि मग हललाच नाही. गुरुजींनी आशीर्वाद म्हटले. शेवटी घड्याळजीने रिवाजाप्रमाणे पायाखाली प्याला फोडला. आनंदातही आपलं मोडलेलं विसरू नये म्हणून तो फोडतात. सगळं अंगण एकदम "मझल टोव!", म्हणजे "शुभ असो!", म्हणून ओरडलं. गेटवरचा पहारेकरी दचकला. सुतार हसत होता आणि रडतही होता.

गुरुवारी घड्याळजी गेला. एकोणीस महिने त्याचं पत्र नाही. त्या काळात त्याच अंगणात आणखी सहा लग्नं लागली, आणि दर वेळी सुताराने मलाच उभं धरलं. मग हुकूम उठला, माणसं बाहेर पडली. गुरुजी तेवढे तोवर वारले होते. एका सकाळी घड्याळजी परतला, उजव्या हाताची दोन बोटं गमावून. बारीक स्क्रू त्याला धरता येईनात. मग त्याने बायकोला काम शिकवलं. आता तो सांगतो, ती फिरवते, दुकान चालतं.

मी शाळेतच आहे. माझ्यावर भेगा पडल्या आहेत, रंग उडाला आहे. वरची खिडकी उघडायची असली की कोणीतरी मला शोधतं, एरवी मी दाराआड असतो. माझी तक्रार नाही. फक्त एवढंच मागतो मित्रांनो, जुन्या वस्तूला चुलीत घालण्याआधी एकदा हातात घेऊन बघा. आणि कोणावर वाईट दिवस आले, तर "सगळं ठीक होईल" असं लांबून सांगू नका. जवळ जा, आणि एक कोपरा धरा.