वाख आणि वायसर

"पाना सुटला ना हातातून, तर उरलेसुरले दातही जातील," तमारा न्हाणीघराच्या दारातून म्हणाली.

"जाऊ देत की. तुझ्या हातचं सूप प्यायला दात कशाला लागतात?" बेसिनखालून बेशेनचा आवाज आला.

तो फरशीवर उताणा पडला होता. डोकं बेसिनखाली, पाय दाराबाहेर बोळात आणि छातीवर पत्र्याचं घमेलं. नाकाच्या वर वीतभर अंतरावर जुना पितळी ट्रॅप लोंबत होता. बेसिनमधलं पाणी पुढे जाण्याआधी जिच्यात घटकाभर थांबतं आणि गटाराचा वास वर येऊ देत नाही, ती ही वाटी. हे घर मिळालं तेव्हा बेशेननेच ती बसवली होती. आता तिच्या बुडाला भोक पडलं होतं आणि त्यातून झिरपणारं पाणी खालच्या मजल्यावर राहणाऱ्या तमाराच्या छतावर नकाशे काढत होतं.

"तालांत कधी येतोय?" तमाराने विचारलं.

"जेवायच्या वेळेला. सूनही येतेय. मोठी बॅग आणतोय म्हणाला." बेशेनने पान्यावर जोर दिला. "ती कशासाठी, ते तुला ठाऊकच असेल. फोन तूच केलास ना त्याला?"

तमारा दाराच्या चौकटीवरची धूळ पुसू लागली. ती अशी उगाच काही पुसू लागली की ते होकारासारखंच असायचं. इतक्या वर्षांच्या शेजारात बेशेनला एवढं नक्कीच कळत होतं.

गेल्या हिवाळ्यात बेशेन नळ उघडा ठेवून झोपी गेला होता आणि तमाराची अंथरुणं भिजली होती. वसंतात तो याच फरशीवर घसरला आणि मनगट सुजवून बसला. तेव्हा तालांतने निर्वाणीचं सांगून टाकलं होतं, "बाबा, पुन्हा एक थेंब जरी खाली गेला, तर तुम्ही बिश्केकला. मग मी काहीही ऐकणार नाही." बिश्केकला मुलाचं घर दहाव्या मजल्यावर होतं. बेशेन एकदा तिथे राहून आला होता. दोघं सकाळी कामावर गेली की दिवसभर भिंती होत्या आणि तो होता. लिफ्टमध्ये माणसं एकमेकांच्या बुटांकडे बघत उभी राहायची. कुणी सलामसुद्धा करत नसे. इथे बालिक्चीत सरोवरावरचा वारा खिडक्या खिळखिळ्या करायचा, पण त्या खिडकीतून बॉयलरघराची चिमणी दिसायची. त्या बॉयलरघरात त्याचं आयुष्य गेलं होतं. अर्ध्या गावाचे पाइप त्याने जोडले होते. मागच्या टेकडीवर त्याची बायको काकिश पुरलेली होती. बेशेनला इथेच मरायचं होतं. मागणं एवढंच होतं, आणि आज ते या वाटीवर येऊन ठेपलं होतं; नवी वाटी कोरडी निघाली तर राहा, एवढा शब्द त्याने फोनवर मुलाकडून काढला होता.

आटे एकदाचे सुटले. ट्रॅप कुरकुरत खाली आला आणि घमेल्यात काळा रबडा पडला. चहाची पत्ती, केस आणि मेंढीच्या चरबीचा पांढरा गोळा.

"शी! हात कोमट पाण्याने धुवावेत, मांस खाल्ल्यावर. शंभरदा सांगितलं," तमारा म्हणाली.

"काकिश पण हेच सांगायची."

"मग तिचं तरी ऐकायचं होतंस."

बेशेन कण्हत उठून बसला. बाजारातून आणलेला नवा ट्रॅप कपडे धुण्याच्या यंत्रावर ठेवलेला होता. पांढराशुभ्र, प्लॅस्टिकचा, मुलांच्या खेळण्यासारखा हलका. सोबत एका पिशवीत रबराची काळी वायसरं होती. बेशेनने पिशवी बोटांनी चाचपली आणि साबणाशेजारच्या फळीवर ठेवून दिली. मग खिशातून तंबाखूचा जुना डबा काढला. त्यात अळशीचा वाख होता, घोड्याच्या शेपटीसारखा पिंगट. त्याची एक बट ओढून तो प्लॅस्टिकच्या आट्यांवर गुंडाळू लागला.

"ती रबरं दिलीयत ना त्यांनी?" तमारा म्हणाली.

"रबर कुजतं गं. वाख पाणी प्यायला की फुगतो, आणि मग काय बिशाद पाण्याची! शाळेतल्या पाइपांना अजून माझाच वाख आहे."

"ते लोखंड होतं."

"आटे ते आटे."

पीळ नेहमीसारखा बसत गेला. एवढं तरी हाताच्या लक्षात राहिलं याचं त्याला बरं वाटलं. तो पुन्हा उताणा झाला आणि नट फिरवू लागला. नट थोडा तिरका चढतोय असं त्याला एकदा वाटलं. त्याने तिकडे कानाडोळा केला. मग पान्याने अलगद आवळलं, नळाची बारीक धार सोडली आणि सांध्याखाली तळहात धरला. हात कोरडाच राहिला.

"बघ," तो म्हणाला.

तमाराने वाकून बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचं खापर तिने गुडघ्यांवर फोडलं. "वाकवत नाही रे आता." मग जरा थांबून म्हणाली, "छतासाठी नव्हता केला मी फोन. तू इथे पडलास आणि मला खाली ऐकूच आलं नाही तर, या भीतीने केला. पण केल्यावर वाटलं, तू गेलास तर मी भांडू कुणाशी? माझी पोरं रशियात, तिसऱ्या मजल्यावरचे अल्माटीला. जिन्यात नुसता वारा."

"जात नाही मी कुठे," बेशेन म्हणाला. "जा, छत पूस तुझं."

तालांत आणि मेरिम आली ती थंडीने लाल होऊन. मेरिमने सासऱ्याला वाकून सलाम केला, बूट काढले आणि हातातलं भांडं घेऊन थेट स्वयंपाकघर गाठलं. लग्नाला चार वर्षं झाली, तरी बेशेनने तिला या घरात कधी निवांत बसलेली बघितली नव्हती. ती कमी बोलायची. तालांत तिची कसर भरून काढायचा.

"वा, बाबा! नवा ट्रॅप तुम्ही स्वतः बसवलात? बोलवायचं ना कुणाला तरी."

"कुणाला? या गावातल्या प्लंबरांना मीच शिकवलंय."

"बरं, बरं. जेवण झालं की बघतो." तालांतने रिकामी बॅग दाराशी ठेवली. बॅग खरोखरच मोठी होती.

मांस गरम होत होतं तोवर बेशेन हात धुवायला गेला. या वेळी त्याने नळ पूर्ण सोडला, बेसिन भरू दिलं आणि मग बूच काढलं. पाणी गटगट करत खाली गेलं. सहज म्हणून त्याने वाकून नटाला बोट लावलं. बोट ओलं झालं. वाखाच्या एका सुटलेल्या तंतूवरून थेंब सरकत आला, टोकाशी फुगला आणि फरशीवर पडला. त्याच्यामागे दुसरा तयारच होता.

पाना स्वयंपाकघरात, आणि तिथे मुलगा उभा. आणखी आवळावं तर प्लॅस्टिक तडकेल, हे त्यालाही कळत होतं. त्याने पायपुसणं पायाने ढकलून थेंबाखाली नेलं. हा उपाय लहान पोराने करावा असा होता. त्याची त्याला लाज वाटली.

तो येऊन जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाशी बसला. मेरिमने त्याच्यापुढे मेंढीचं डोकं ठेवलं. वडीलधाऱ्याचा मान होता तो. त्याने कान कापून मुलाला दिला, बाकीच्यांचे वाटे केले, पण स्वतःचा वाटा तसाच ठेवला.

"बाबा, खात का नाही?" तालांतने विचारलं. "बिश्केकला आलात की मेरिम रोज करेल तुम्हाला."

"मी बिश्केकला येतोय असं कुणी सांगितलं?"

"ट्रॅप कोरडा असेल तर नाही नेणार. शब्द दिलाय. आता हात धुतो आणि बघूनच टाकतो."

तालांत उठला, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कचेरीतला होता. रेंजसाठी तो बाल्कनीत गेला आणि दार ओढून घेतलं.

मेरिमही उठली. "मी जरा टॉवेल बदलते," ती म्हणाली.

बेशेन एकटाच बसून राहिला. बाल्कनीच्या काचेतून मुलाचे हातवारे दिसत होते. न्हाणीघरातून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग प्लॅस्टिकचा करकर आवाज आला. तो आवाज कसला, हे बेशेनला कुणी सांगायची गरज नव्हती. कुणीतरी नट काढत होतं. मग पिशवी फाटल्याचा बारीक आवाज, मग पुन्हा करकर, या वेळी सरळ, न अडखळता. मग नळ धो धो सुटला आणि बंद झाला.

मेरिम बाहेर आली तेव्हा तिच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या. तिच्या मुठीत पिंगट, चिंब असं काहीतरी होतं. तिने ते कचऱ्याच्या बादलीत टाकलं आणि वर टरबुजाची साल ठेवली.

"किती गळत होतं?" बेशेनने हळूच विचारलं.

तिने बाल्कनीकडे बघितलं. "थेंबभर, बाबा."

"कुठे शिकलीस?"

"भाड्याच्या खोलीत होतो तेव्हा. यांना पाना कोणत्या बाजूने धरायचा तेही कळत नाही." ती किंचित हसली आणि लगेच गंभीर झाली. "प्लॅस्टिकला वाख चालत नाही बाबा. वायसर, आणि नुसत्या हाताने. बाकी तुमचं सगळं बरोबर होतं."

बाल्कनीचं दार उघडलं. तालांत फोन खिशात टाकत न्हाणीघरात गेला. नळ सुटल्याचा आवाज आला, मग तो गुडघ्यांवर बसल्याचा. बेशेन दस्तरखानाच्या काठाशी चाळा करत होता. मुलाने काय म्हणावं असं त्याला वाटत होतं, ते त्यालाच सांगता आलं नसतं.

"ठणठणीत कोरडा!" तालांत आतून ओरडला. बाहेर आला तो हसतच, पण थोडा हिरमुसलेला. "मानलं बाबा. हात अजून तेच आहेत तुमचे. ठीक आहे, शब्द म्हणजे शब्द. रिकामी बॅग परत नेतो. राहा इथेच."

राहा इथेच. हेच ऐकण्यासाठी बेशेनने सकाळपासून फरशीवर पाठ घासली होती. ते आता मिळालं होतं. मेरिम मान खाली घालून पियाले मांडत होती. ती कधीही, कुणालाही काही सांगणार नव्हती. बेशेनला ते पक्कं ठाऊक होतं आणि म्हणूनच त्याला बसवेना. बॉयलरघरात दुसऱ्याने केलेल्या सांध्याला आपला म्हणणाऱ्या माणसाशी त्याने आयुष्यभर बोलणं टाकलं होतं. तसे दोघे-तिघे होते. त्यांची थोबाडं त्याला आठवली.

"माझे हात तेच नाहीत," तो म्हणाला.

"काय?"

"मी बसवलेला गळत होता. तू फोनवर होतास तेव्हा हिने काढला आणि नीट बसवला. तू बघितलास तो सांधा हिचा आहे."

तालांतने बायकोकडे बघितलं. मेरिमचे कान लाल झाले. तिच्या हातात चहाची किटली होती, ती तिला खालीही ठेवता येईना आणि ओतताही येईना.

"बाबा, तुम्ही गप्प राहिला असतात तरी..." तालांत म्हणाला.

"राहिलो असतो. आणि रोज हात धुताना बेसिन माझ्याकडे बघत राहिलं असतं." बेशेनने दाराशी पडलेल्या बॅगेकडे बोट केलं. "चहा झाला की भरू ती. तमाराला मीच सांगेन. रडेल आणि गुडघ्यांना नावं ठेवेल."

बाहेर वाऱ्याने खिडकी हलवली.

त्या मुलखात घरात सून असताना सासरा किटलीला हात लावत नाही. ती ओतते, म्हातारे पितात, आणि तिचा पियाला सगळ्यात शेवटी भरतो. बेशेन उठला. त्याने मेरिमच्या हातातून किटली काढून घेतली, तिला खांदा धरून वरच्या आसनावर, स्वतःच्या जागी बसवलं आणि पियाल्यात चहा ओतला. काठोकाठ नाही, अर्धाच. पाहुणा लवकर उठू नये असं वाटतं, तेव्हा ओततात तसा.

ओतताना थोडा चहा दस्तरखानावर सांडला. मेरिमने तो पुसायला हात पुढे केला नाही. तिने दोन्ही हातांनी पियाला घेतला आणि सासऱ्याच्या आधी चहा प्यायली.