परातीतलं लाल पाणी

मुरलीपुऱ्यातल्या शाळेच्या मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. नशामुक्तीवाले बाबा मुलांच्या तळहाताला हळद फासत, हात परातीतल्या ‘सिद्ध जला’त बुडवत आणि हात तांबडालाल होई. “देखो, जहर निकल रहा है,” बाबा गर्जत. पालक हात जोडत. हेडमास्तर खूश होते. आज शपथपत्रं भरली की शाळेचं व्यसनमुक्तीचं काम वर्षभरापुरतं उरकणार होतं.

विज्ञानाच्या रत्नप्रभा मॅडम मागे मान खाली घालून बसल्या होत्या. पहिल्याच हाताला त्यांना खेळ कळला होता, पण हेडमास्तरांचा कार्यक्रम कोण मोडणार?

तेवढ्यात नववीतल्या पवनचा हात लाल झाला. पंक्चरचं सोल्यूशन हुंगण्याची त्याची सवय आता साऱ्या शाळेला ठाऊक होती. त्याची आई इंदुमती, रेल्वे क्वार्टरमधली, धावतच आली. “मॅडम, सुटला माझा पोरगा. उद्याचं डॉक्टरकडचं कॅन्सल करते. मतलब आता गरजच नाही ना?”

मॅडमना जुलै आठवला. जुलैत हाच पवन स्टाफरूमच्या दाराशी आला होता. “मॅडम, थोडं बोलायचं होतं.” वह्यांतून मान वर न करता त्या म्हणाल्या होत्या, “परीक्षा होऊ दे, मग बोलू.” परीक्षा झाली, बोलणं राहूनच गेलं.

त्या उठल्या. स्वतःचा पांढरा रुमाल हळदीत माखून त्यांनी परातीत बुडवला. तोही लाल झाला.

“बाबाजी, ये रुमाल कब से नशा करता है?”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. “रुमाल ने आपका पाप सोख लिया,” बाबा म्हणाले. मॅडमनी लिंबू मागवून पिळलं आणि रुमाल पुन्हा पिवळा झाला. “अब पाप कहाँ गया?” त्यांनी विचारलं.

परातीत चुन्याची निवळी होती. चुना लागला की हळद लाल होते, लिंबू लागलं की पिवळी. सातवीच्या पुस्तकातलंच हे, पण इतक्या मुलांत एकालाही ओळखू आलं नाही. मॅडमनी तो प्रयोग कधी करून दाखवलाच नव्हता; उत्तराखाली रेघ तेवढी मारून घेतली होती.

बाबा परात आवरू लागले. पवन तळहात पाहत होता. “मतलब माझं विष आतच आहे?”

“विष नाही रे, सवय आहे. सुटते, पण वेळ लागतो. उद्या डॉक्टरकडे मीपण येते. जुलैत तुला परत पाठवलं, ते माझं चुकलं.”

“तेव्हा एकदाच हुंगलं होतं, मॅडम. तेच सांगायला आलो होतो.”

मॅडमना हुंदका आवरेना. तशाच त्या माइकपाशी गेल्या. “शपथा नकोत, परात नको. मूल बोलायला आलं, तर त्याच दिवशी ऐका. मी ऐकलं नव्हतं.”