गुरुवारी गप्प बसलेला टेस्टर

“पप्पा, टेस्टर पेटला नाही म्हणजे तारेत करंट नाही, की टेस्टरच गेलाय?”

हा प्रश्न वर्षालीला तिच्या मैत्रिणींनी दिला होता. “आहे हिंमत तर पप्पांना विचारून दाखव!” असं पुनमनं सगळ्या वर्गासमोर म्हटलं होतं. आणि वर्षालीनं तो विचारला नेमका माझ्यासमोर!

मित्रांनो, मी एक जुना टेस्टर आहे. पिवळी पारदर्शक मूठ आणि पोटात इवलासा दिवा. पिंपरी कॅम्पातल्या दुकानात मी बरणीत उभा होतो. तिथून गणराजरावांनी, म्हणजे वर्षालीच्या पप्पांनी, मला काळेवाडीच्या घरी आणलं. माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. कुणी “बंद आहे रे” म्हटलं की मला हमखास शंका येते. एकदा कूलरच्या पत्र्यात उतरलेला करंट मीच पकडला. तेव्हा केवढं कौतुक झालं माझं! पण पुढे सगळे विसरले. माझ्या टोकानं रंगाचे डबे उघडले, खिळे उपटले. दिवाळीत तर मी माळ्यावरून थेट फरशीवर आपटलो.

तर त्या गुरुवारची गोष्ट. वर्षालीची आई, विजयश्रीताई, रात्रपाळी करून दिवसा झोपते. खोली एकच, तीही दिवसा अंधारी, आणि वर्षालीचं दहावीचं वर्ष. दिवा लावला की आईची झोप मोडते, विझवला की अभ्यास बुडतो. म्हणून पप्पांनी उजेड कमी-जास्त करणारा डिमर आणला, आणि त्यावर चालेल असा बल्बही. गुरुवारी पप्पांच्या चाकणच्या कंपनीला सुट्टी, आणि आमच्या भागात दुरुस्तीसाठी लाइटही बंद. पप्पांना वाटलं, याहून चांगला मुहूर्त कुठला!

त्यांनी बोर्ड उघडून मला तारेला लावलं. मी गप्प.

“मेलीये लाइन,” पप्पा म्हणाले. तेवढ्यात वर्षालीनं तो प्रश्न टाकला.

“अगं, गुरुवार आहे! पाचच्या आत लाइट आलीये कधी?”

“पण टेस्टर आधी चालू प्लगमध्ये तपासायला हवा ना? आज चालू प्लग आहे कुठे?”

“बापावर विश्वास नाही का गं तुझा?”

“बापावर आहे. टेस्टरवर नाही!”

खरं सांगू? मला राग आला नाही. माळ्यावरून पडल्यापासून माझा मलाच भरवसा नव्हता.

अंथरुणातून आई म्हणाली, “अहो, पाडा ना तो मेनचा एमसीबी खाली. हात झिजणारेत का?”

पप्पांनी पुटपुटत एमसीबी, म्हणजे सगळ्या घराची लाइट तोडणारा खटका, पाडला, तारा सोलल्या. उघडं तांबं त्यांच्या चिमटीत होतं, आणि खालची पिठाची गिरणी एकदम घरघरली.

लाइट आली होती!

पप्पांनी आधी चिमटीकडे पाहिलं, मग खाली पाडलेल्या एमसीबीकडे. आई उठून बसली.

“साडेतीनच वाजलेत,” पप्पा हळूच म्हणाले.

“थांबा, आता चालू प्लग मिळेल!” वर्षाली म्हणाली. दोघं मला घेऊन शेजारच्या केसरबाईंकडे गेले. पप्पांनी मला त्यांच्या प्लगमध्ये लावलं आणि मी लालबुंद पेटलो! घरी येऊन पुन्हा आमच्या तारेला लावलं. मी गप्प. पण आता माझ्या गप्प बसण्याला अर्थ होता. मित्रांनो, हे लक्षात ठेवा. आधी मला तपासा, मगच माझं ऐका. आणि मूठ तडकली की मला सरळ फेकून द्या, माझ्यावर दया करू नका.

पप्पांनी डिमर जोडला, स्क्रू घट्ट आवळले, झाकण लावलं आणि मग एमसीबी वर केला. वर्षालीनं गोल बटण फिरवलं. उजेड समईएवढा झाला.

“आता लागेल बाई झोप,” आई म्हणाली.

“झोपण्याआधी ऐका दोघं!” वर्षालीनं मला आपल्या कंपासपेटीत ठेवलं आणि कमरेवर हात ठेवले. “माझं ठरलंय. दहावीनंतर मी आयटीआयला जाणार, इलेक्ट्रिशियन ट्रेडला. आणि हा टेस्टर आजपासून माझा. ह्यानं पुन्हा रंगाचा डबा उघडायचा नाही. पप्पा, तुम्हालाच सांगतेय!”