फुटका किरण

चष्म्याच्या दुकानात तीस वर्षं काढली की माणसांवर विश्वास ठेवायची सवय मोडते. तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचणाऱ्यांपैकी निम्मे लोक ती आधीच्या गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकून पाठ करून बसलेले असतात. कुणाला ट्रकचा परवाना हवा असतो, कुणाला बायकोसमोर म्हातारं दिसायचं नसतं. मी हळूच तक्ता बदलतो आणि त्यांची तंतरते. माझं नाव इरज, पण काशानच्या बाजारात मला पाठीमागे 'दरोगा' म्हणतात हे मला ठाऊक आहे.

तैमूरवर मात्र बावीस वर्षांत एकदाही संशय घेतला नव्हता. तैमूर मोटारींचं वाइंडिंग करतो, कूलरच्या, पंपाच्या, सगळ्या. आमची दुर्बीण दोघांची मिळून आहे. आरसा आणि नळी माझी. ताऱ्यांच्या चालीने तिला रात्रभर इंचाइंचाने फिरवणारी घोडी त्याची, त्याने स्वतः जुळवलेली. कॅमेरा दोघांचा. मी राहतो तिसऱ्या मजल्यावर, म्हणून सगळं सामान त्याच्या कारखान्यात असतं. अमावस्या जवळ आली की गाडीत घालून वाळवंटात न्यायचं.

दोन वर्षं आम्ही एकाच गोष्टीच्या मागे होतो. एका मेलेल्या ताऱ्याने फेकलेलं वायूचं कवच. त्याला नावही नाही, नुसता यादीतला आकडा. दहा मिनिटं कॅमेरा उघडा ठेवला तरी एका फोटोत तिथे काळोखाशिवाय काही येत नाही. असे अडीचशे फोटो एकावर एक चढवले तेव्हा कुठे निळसर धुराची कड दिसू लागली. देशात कुणी ती इतकी स्वच्छ टिपलेली मी तरी पाहिली नव्हती. आमचं ठरलं होतं, की चित्र बाहेर जाईल ते दोघांच्या संमतीने आणि दोघांच्या नावाने.

एका शुक्रवारी सकाळी आकाशाचे फोटो काढणाऱ्या हौशी मंडळींच्या गटावर एक चित्र आलं. दुसरंच काहीतरी होतं, लालसर धुळीचा ढग. काढणाऱ्याने नाव दिलं होतं 'शबगर्द', म्हणजे रात्री भटकणारा. टोपणनाव. मी चित्र मोठं केलं आणि माझा चहा हातातच राहिला.

"हे आपल्या दुर्बिणीतून काढलंय," मी म्हणालो.

माझी बायको माहीन भाजी निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "दुर्बिणीचं नाव लिहिलंय का खाली?"

"लिहायला कशाला हवं? किरण बघ."

आमच्या नळीच्या तोंडाशी चार पातळ पाती आहेत, मधला छोटा आरसा धरून ठेवणारी. त्यांच्यामुळे प्रत्येक ठळक ताऱ्याला चित्रात क्रूसासारखे किरण येतात. तीन वर्षांपूर्वी गाडी खड्ड्यात आदळली आणि एक पातं वाकलं. तांबट बाजारामागे लेथ चालवणाऱ्या उस्ताद कुदरतने ते सरळ केलं, पण किंचित पीळ राहिलाच. तेव्हापासून आमच्या चित्रांत आडवा किरण टोकांशी फाटतो, चिमटा उघडल्यासारखा. शबगर्दच्या चित्रातला किरण अगदी तसाच फाटला होता. आणि खाली तारखा होत्या गेल्या अमावस्येच्या. तेव्हा मी शिराजला भाचीच्या लग्नात नाचत होतो.

"म्हणजे तैमूरने तुझ्यामागे फोटो काढले," माहीन म्हणाली. "काढले तर काढले. घोडी त्याचीच आहे ना?"

"मग टोपणनाव कशाला? लपवायचं काय होतं?"

"त्यालाच विचार."

"चोराला विचारून कुणी कबूल होतं का?"

"मग ज्याने चोरी केली नाही तोही 'नाही'च म्हणेल. तुला फरक कसा कळणार, दरोगासाहेब?"

पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्यात गेलो. नळीवरच्या कापडाची दोरी मी नेहमी साधी फासगाठ मारून बांधतो. आज तिला दुहेरी गाठ होती.

"ही कुणी सोडली होती?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मीच. उंदीर झालेत रे इथे. आत शिरले तर तुझ्या आरशावर नाचतील." तैमूरने खडीसाखर दाताखाली धरून चहाचा घोट घेतला. "बरं इरजजान, एक बोलायचं होतं. प्रदर्शनाला चित्र यंदा नको पाठवूया."

मी कान टवकारले. वार्षिक प्रदर्शनाची मुदत बारा दिवसांवर आली होती. दोन वर्षं त्याच्यासाठीच तर राबलो होतो.

"का?"

"डावीकडची कड अजून विरळ वाटते. आणखी चार रात्री घेऊ. पुढच्या वर्षी पाठवलं तर लोक उभे राहून बघतील. घाई काय आहे? तो तारा मेलाय, पळून थोडाच जाणारे!" तो आपल्याच विनोदावर हसला. मग म्हणाला, "आणि तुझ्याकडची डिस्क दे ना जरा. माझ्याकडचे काही फोटो उघडत नाहीयेत."

मी डिस्क दिली नाही. घरी सापडत नाही म्हणालो. चित्र लांबणीवर टाकायचं, माझ्याकडचा पुरावा काढून घ्यायचा आणि मग एके दिवशी शबगर्दच्या नावाने आमचं कवच झळकवायचं. सगळं मला आरशासारखं स्वच्छ दिसत होतं. राग तर आलाच होता. आणि खरं सांगायचं तर रागापेक्षा दुःख जास्त होतं. हा माणूस माझ्या बापाच्या मयतीला खांदा द्यायला सगळ्यांत आधी आला होता.

पुढचे दहा दिवस मी दुकान लवकर बंद करून चित्र तयार करत बसलो. अकराव्या दिवशी प्रदर्शनाचा फॉर्म भरला. 'छायाचित्रकार' या रकान्यात आधी दोन नावं लिहिली, मग दुसरं खोडलं. 'अन्य सहभागी' असाही एक रकाना होता. तिथे लिहिलं, 'कोणी नाही'. चित्र निदान आपल्या नावावर सुरक्षित राहील, तैमूरने कबुली दिली की त्याचंही नाव घालू, अशी मी मनाची समजूत घातली. माहीनला यातलं काही सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी चष्म्याच्या काड्यांचा एक बारीक स्क्रू करून घ्यायला उस्ताद कुदरतकडे गेलो. म्हाताऱ्याने माझं काम बाजूला ठेवून आधी माझाच सत्कार केला.

"ये बाबा, ये! तुझ्यामुळे मला या वयात नवा धंदा मिळाला."

"कसला?"

"ती पाती रे, दुर्बिणीची. तुझी दुरुस्त केली तेव्हा साचा करून ठेवला होता. आत्तापर्यंत तिघांनी नेली. तबसची एक डॉक्टरीणबाई तर इथवर आली होती गाडी काढून. हुबेहूब तशीच हवीत म्हणाली."

"हुबेहूब म्हणजे?"

"हुबेहूब म्हणजे हुबेहूब! तो तिसऱ्या पात्याचा पीळसुद्धा." त्याने अभिमानाने एक पातं माझ्यापुढे धरलं. "सगळ्यांत कठीण काम तेच. आधी वाटलं चूक आहे. मग म्हटलं, हे तारेवाले लोक, यांचं काहीतरी गणित असणार."

तरी माझी खात्री होईना. बाईंचा नंबर घेतला आणि तिथूनच फोन लावला. हो, शबगर्द मीच, त्या म्हणाल्या. दवाखान्यातल्या लोकांना कळायला नको म्हणून टोपणनाव. वर त्यांनी विचारलं, "आगा, तो किरण टोकाला फाटतो, तो तुमच्याकडेही फाटतो का हो?"

मला फॉर्म मागे घेता आला असता. निकालाला अजून पंधरा दिवस होते. पण मागे घ्यायचा तर कारण द्यावं लागणार, आणि हौशी मंडळींचं जग एवढंसं, तैमूरच्या कानावर जायला संध्याकाळही लागली नसती. लाज वाटत होती, आणि लाजेपोटीच मी हातावर हात ठेवून बसलो. शेकड्याने चित्रं येतात, आपलं कोण निवडतंय, म्हटलं.

आमचं चित्र पहिलं आलं.

निकाल लागला त्या सकाळी दुकानात मी एकटाच होतो. तैमूर दार ढकलून आत आला. हाताला मोटारीचं काळं ग्रीस तसंच, आणि काखेत मिठाईचा, बाकलव्याचा डबा. डबा त्याने काउंटरवर आपटला.

"माझं न ऐकता पाठवलंस ना शेवटी? बरं केलंस! माझं ऐकलं असतंस तर वर्षभर बसलो असतो ती कड घासत." त्याने मला मिठी मारली. मी लाकडासारखा उभा होतो.

"पण त्या गाढवांनी काय केलंय पाहिलंस का? नुसतं तुझंच नाव छापलंय!"

मी त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिलो. टोमणा कुठे आहे ते शोधत होतो. डोळ्यांत शोधला, ओठांच्या कोपऱ्यात शोधला. नव्हताच.

"मी लगेच फोन केला," तो म्हणाला. "अस्सं झापलंय त्यांना! म्हटलं, माझं नाव गाळलंत ते गेलं खड्ड्यात, पण आता लोक इरजला काय म्हणतील? म्हणतील, मित्राचं खाल्लं याने. भला माणूस फुकट बदनाम व्हायचा. ते नाक वर करून म्हणतात, फॉर्ममध्ये होतं तेच छापलंय. म्हटलं, दाखवा फॉर्म! उद्या पाठवतायत मला."

"तैमूर," मी म्हणालो. "त्या फॉर्मची वाट बघू नकोस."

त्याने बाकलव्याच्या डब्याची दोरी सोडता सोडता मान वर केली. चेहरा एकदम फुलला.

"म्हणजे तूही झापलंस त्यांना? तेच म्हटलं, माझं नाव गाळलेलं तू कसं खपवून घेशील!"