एक गादी कमी

खुर्च्यांना नव्या गाद्या चढवण्यात म्हातारीची हयात गेली, आणि शेवटी बसण्यानेच तिचा पाणउतारा केला. दुकानातल्या बुटक्या स्टुलावर ती खिळे ठोकायला बसली आणि तिला उठताच येईना. गिऱ्हाइकाने बखोटीला धरून उभं केलं. बातमी लेकीच्या कानावर गेली आणि तिने दुकान विकायचा घाट घातला.

लेक प्रयोगशाळेत स्नायूंवरच काम करायची. बटण दाबलं की माणसाला उचलून उभं करणारी एक खुर्ची तिने आणली. "आई, वयाने स्नायू झिजतात गं. त्यांच्यात राखणदार प्रथिनं असतात, बिघडलेल्या प्रथिनांची डागडुजी करणारी. स्नायूला ताण पडला की धावून येतात. म्हातारपणी तीही कमी पडतात."

"आणि ताणच पडला नाही तर?"

"तर कशाला येतील?"

"मग ही खुर्ची आणून तू माझे राखणदार रजेवरच धाडलेस की!"

पण तीही हिचीच लेक. "दुकान घेणारा तीन महिन्यांनी येतोय. त्या दिवशी स्टुलावरून हात न टेकता उठून दाखव, मी विकायचा ब्रही काढणार नाही."

म्हातारीने खुर्चीची वायर उपटली. स्टुलावर गाद्यांची चळत रचली आणि हात छातीशी बांधून ऊठबस सुरू केली. उठणं सोपं झालं की एक गादी कमी. मांड्या भरून आल्या की मांड्यांनाच शिव्या. अंडी, दूध ती मुकाट्याने पोटात ढकलायची.

"पुन्हा तरुण नाही होणार तू," लेक म्हणाली.

"जुनी खुर्ची मी कधी नवी केली नाही. बसण्याजोगी केली."

घेणारा आला तेव्हा स्टुलावर एकही गादी नव्हती. म्हातारी उठायला गेली ती धपकन खाली आली. घेणारा ओशाळून छताकडे बघू लागला. लेकीने हात पुढे केला.

"हात लावशील तर याद राख!"

भीती तिलाही वाटत होती. उद्या हे दुकान दुसऱ्याच कुणी उघडलं तर आपण सकाळी उठायचं तरी कशासाठी? तिने पाय मागे ओढले, पुढे वाकली, दातओठ खाल्ले. आणि ती उभी राहिली.

पैजेची कल्पना नसलेल्या घेणाऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला. "द्या आजी, किल्ली."

"किल्ली द्यायला नाही उठले. पाहुण्यांना दारापर्यंत सोडायला उठले. चला."

दार लेकीनेच उघडलं.